दुपारचा उपसा

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तुझ्या पाणीखात्याचे साहेब तपासणीच्या विहिरीत डोकावून गेले. फार गोड बोलले. मी पंप दुरुस्त करायचो तेव्हा मोटर स्वतःच्या हाताने जाळलेलं गिऱ्हाईकच एवढं गोड बोलायचं. दोन पावसाळे आम्ही आमच्या वाट्याचं कालव्याचं पाणी तळ्यांत सोडून जमिनीत मुरवलं. दुष्काळात निम्मं आमचं, निम्मं तुमच्या शहराचं, आणि तोवर कुणी थेंब उपसायचा नाही, असं ठरलंय. मग विहिरीची पातळी का उतरतेय? शिवाय जिपेत चढताना साहेबांनी ड्रायव्हरला हळूच विचारलं की इथे दुपारी सगळे झोपतात का. माझे कान अजून शाबूत आहेत.

गावच्या पाणी संस्थेच्या बैठकीत करार मोडायचा असं सगळे म्हणताहेत, आणि अध्यक्ष मी. खरं काय ते लिही. कचेरीतलं उत्तर नको, बहिणीचं हवं.

वहिनीचा आशीर्वाद. माया आहे तेवढी असू दे.
तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. फोन उचलत नाही, कारण ‘कशी आहेस’ हेसुद्धा तू फौजदारासारखं विचारतोस.

आमच्या पंपांना अजून वीजच जोडलेली नाही, ये आणि बघून जा. साहेबांनी दुपारचं विचारलं ते खरं. त्यांना तुमचा संशय आहे! आणि दादा, मलाही आहे. यंदा एवढं ऊन, तरी तुमच्या बागा हिरव्यागार कशा? एक दिवस दुपारची झोप सोड आणि ते कान कामाला लाव.

इथे आत्ताच नळाला एक दिवसाआड पाणी येतं. करार मोडलास तर मे महिन्यात टँकरमागे कळशी घेऊन तुझी भाचीच पळणार आहे.

रागाव, पण विसरू नकोस.
तुझी धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. टोपी डोळ्यांवर ओढून भर उन्हात बांधाबांधाने फिरलो. शेजाऱ्याचा पंप गवताच्या गंजीआड घरघरत होता. धरला तर म्हणाला, शहर सगळं ओढून नेणारच आहे, त्याआधी आपण काढलेलं बरं. पुढच्या मळ्यातही हेच उत्तर. मी तावातावाने घरी वळलो, तर आमच्याच लिंबांत मोटर चालू! तुझी वहिनी पाटाशी उभी. म्हणाली, जेवताना रोज शहर चोर, शहर चोर ऐकते, मग मी काय बाग वाळू द्यायची होती?

बैठकीत आधी माझ्या घरचंच सांगितलं. मग एकेक मान खाली गेली. करार राहिला. आता सगळ्यांच्या स्टार्टरच्या पेट्यांना कुलपं आहेत आणि प्रत्येकाची किल्ली शेजाऱ्याकडे. माझी मात्र कुणी ठेवून घेईना. सगळे म्हणाले, अध्यक्षांची शहरातच बरी. ती सोबत पाठवतोय. वहिनीकडे दुसरी निघाली, तीही घातली आहे.

तिसरी नाही असं ती म्हणते. तू एकदा फोन करून विचारशील का? तुझा फोन ती उचलते.

भाचीला गोड पापा. आमच्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा दादा