पायाळूची शंका

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमची झडती घ्यायला बसले आहे. रागावू नका. शंका घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच झालाय. ऑफिसात मी लोकांची आजारपणाची बिलं तपासते. कोण खरंच अंथरुणाला खिळलं होतं आणि कोण मेव्हण्याच्या लग्नात नाचत होतं, हे मला वासानंच कळतं असं सगळे म्हणतात. पण तुमच्यावर शंका घ्यायची वेळ आणली ती तुम्ही कधी न पाहिलेल्या तुमच्या नातीनं.

ती सध्या एक जाडजूड कादंबरी वाचते आहे. त्यात अजब शक्ती असलेली पोरं आहेत. एकीला भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येते, एकाचा हात लागला की कुलपं उघडतात. एक म्हातारा त्यांना गावोगावहून गोळा करून एका घरात भावंडांसारखं वाढवतो. पोरगी वाचते तरी काय, म्हणून मीही पुस्तक हातात घेतलं, आणि पहिल्या पानापासून मला त्या म्हाताऱ्याचाच संशय. याला काय मिळतं यातून? फुकट कोण कुणाची पोरं पोसतं? इथल्या हिंदीतच वाढलेली लेक वैतागली. "मम्मी, तुम तो सब पे शक करती हो," म्हणाली, आणि मग हळूच विचारलं, "तुममें था क्या ऐसा कुछ?" मी ताठ बसले. होतं तर! मी पायाळू. सगळी पोरं डोक्याकडून जन्मतात, मी पायाकडून आले. माझी आई त्या बाळंतपणातच गेली, पण माझ्या पायाला गुण आला. उसण भरलेल्या पाठीला माझा पाय लागला की माणूस ताठ चालत घरी जायचा. त्या पुस्तकात प्रत्येक शक्तीची काही ना काही किंमत मोजावी लागते, तेव्हा लेकीनं तेही विचारलं. मी सांगितलं, पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून ढग गडगडले की तिला उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत. हे सांगता सांगता माझी जीभ अडखळली. कारण विजा कडाडत असल्या की आत्या मलाच ओरडायची, "पळ, दोरीवरचे कपडे काढून आण!" आणि तुम्ही पेपरातून मान वर करत नव्हता.

तेव्हापासून झोप नाही. फॅक्टरीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं. रविवारची सकाळ आहे, चटईवर कुणीतरी पालथं पडलंय, कधी रिछाईच्या कारखान्यातला हमाल, कधी जवळच्या पाटणहून आलेला शेतकरी. तुम्ही माझा पाय धुता, पुसता आणि म्हणता, "हं, लाव." मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाबा, खरंच बरं होतं का यांचं?" तुम्ही असे डोळे वटारलेत की माझा पाय हवेतच राहिला. त्या चटईवर तुमचा फोरमनही पडून गेला आहे, आणि पुढच्याच महिन्यात तुमची रात्रपाळी सुटली. लहानपणी मला वाटायचं, माझ्या पायानं सुटली. आता वाटतं, त्याचसाठी तर हा खेळ मांडला नव्हता? बाबा, मला फार लागलं हो. मी तुमची लेक होते की साहेबाला खूश करायची युक्ती, एवढंच मला कळायला हवं होतं.

म्हणून शहराच्या त्या टोकाला, रांझीला आत्याकडे गेले. ती आता कमी ऐकू येत असल्याचं सोंग करते, पण नको ते बरोबर ऐकते. मी सरळच विचारलं. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली.

"काहून विचारून राहिली आता?"

"मी पायाळू आहे की नाही?"

"चल हट! डोक्याकडूनच आली तू, एकदम सीधी. मीच तं घेतली ना तुला हातात."

मग तिनं टरफलं एका बाजूला सारली. मला वाटलं, आता हीही काहीतरी रचणार. पण ती बोलली ते माझ्याकडे न बघता. "तुझी आई गेली अन् बाया बोलाले लागल्या, पांढऱ्या पायाची पोट्टी आली, आईले खाल्लं. तुझी आजी तुले मांडीवर घेत नव्हती. तेरवीच्या पंगतीत तुझा बाप उठला. म्हणे, पोरगी पायाळू आहे, तिच्या पायाले कोणी नाव ठेवाचं नाही. अन् माझ्याकडे पाहिलं."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, हो, पाय पहिले आले. तं तो तिथंच पालथा झाला पत्रावळींच्या मधात, म्हणे माझी कंबर धरली, लावा तिचा पाय. एवढुसा पाय, बाई. अन् उठून नाचल्यासारखा चालला. दुसऱ्या दिवशी त्याच बाया नवऱ्याले घेऊन दारात."

मी आत्याला खोटारडी म्हटलं. ती हसली, "आहेच." परत येताना रिक्षात मी इतकी रडले की रिक्षावाल्यानं विचारलं, "दीदी, घर में सब ठीक?" फोरमनचं काय, ते मी अजून सोडलेलं नाही, बाबा. तुम्ही साळसूद होतात असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ज्या पायांना लोक अवदसा म्हणणार होते, त्यांना ते हात जोडू लागले, आणि मला तो शब्द जन्मात कधी ऐकावा लागला नाही.

काल लेक कादंबरी संपवून तोंड पाडून बसली होती. शाळेच्या नाटकात तिला घेतलं नाही, नाचातही नाही. "मुझमें तो कुछ भी नहीं है, मम्मी." माझी कंबर आठवडाभर धरलेली आहे, ऑफिसच्या खुर्चीची कृपा. मी स्वयंपाकघरात चटई टाकली, पालथी पडले आणि म्हटलं, तुझ्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाय पहिले आले. ती तुमचीच नात आणि माझीच पोर, आधी डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पाय धुतला. तिचा तळवा माझ्या कमरेला लागला, थंडगार. मी उठले, घरभर चालून दाखवलं, तेव्हा तिनं शेजारच्या काकूंना बोलवायला धाव घेतली.

हे पत्र आजच फाडून टाकते. तिला मराठी धड बोलता येत नसलं तरी वाचता सगळं येतं. कंबर अजून तशीच दुखून राहिली आहे, बाबा. हाडांच्या डॉक्टरकडे जाणार आहे, पण ती शाळेत गेल्यावर.