माय, माठ अजून दाराबाहेर आहे

माय, काल दुपारी नागपूरच्या डॉक्टरांचा फोन आला. क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे, असं त्यांनी स्वतः सांगितलं. निगेटिव्ह ऐकून तुझ्या कपाळावर आठी आली असती, पण इथे ती चांगली बातमी आहे. तू तुझ्या धाकट्या लेकीला दिलेली किडनी आता थकली, आणि या वेळी माझी द्यायची ठरते आहे. तिच्या रक्तातला द्रव आणि माझ्या रक्तातल्या पेशी एकत्र ठेवून पाहतात. तिच्या रक्ताने माझ्या पेशींवर हल्ला केला, तर माझी किडनी तिला चालणार नाही. एक किडनी एकदा घेतलेली असली की रक्त पुढच्या वेळी जास्त सावध असतं, म्हणून घरात सगळे धास्तावलो होतो. हल्ला झाला नाही. वर्तमानपत्राच्या नोकरीत माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ताजी गोष्ट आणि ती कोणी सांगितली हे आधी लिहून टाकलं. बाकीचं तुला माहीतच आहे, तरी लिहितो.

मला सारखा तो खामगावचा उन्हाळा आठवतो. धाकटी डायलिसिसवर होती. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साचायचं, पाय सुजायचे, आडवं झालं की दम लागायचा. पुढच्या वेळी मशीनवर जाईपर्यंत दिवसाला मोजकंच पाणी. तू एका स्टीलच्या पेल्याने तिला घोट घोट द्यायचीस. भाजीतले क्षार उतरावेत म्हणून ती चिरून पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग फोडणी द्यायची. मिठाचा डबा वरच्या फळीवर. आणि तू घराला एक नियम लावलास. तिच्यासमोर कोणी पाणी प्यायचं नाही. माठ उचलून दाराबाहेर, भिंतीच्या आडोशाला ठेवलास. आपल्याकडे आलेल्या माणसाला आधी पाणी देतात. तू तेही दारातच, उभ्या उभ्या द्यायला लागलीस. संग्रामपूरहून मामा भर दुपारी आला, घामाने निथळत होता, तेव्हाचं तुमचं बोलणं मला अजून ऐकू येतं.

“काऊन वं बाई, भावाले दारातच पाणी पाजून वापस पाठवतं का?”

“पे मुकाट्यानं. अंदर पाण्याचं नाव काढलं तं जेवाले भेटणार नाही.”

मामा प्याला. मिशा नीट पुसून मगच आत गेला. धाकटीला सगळं समजत होतं. ती भिंतीकडे तोंड करून हसत होती.

मग तुझी तपासणी झाली, रक्तगट जुळला, आणि ऑपरेशनच्या आधी नागपूरला आपल्याला अवयवदानाची परवानगी देणाऱ्या समितीपुढे बसवलं. समोर कॅमेरा लावलेला. आई असली तरी विचारावंच लागतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, “बाई, किडनी द्यायला तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?” तू म्हणालीस, “हाव, हाये ना.” साहेबांचा पेन थांबला. सगळं इथेच अडलं, असं वाटलं. तू पदर सारखा केलास आणि पुढे बोललीस, “ते पोरगी पेलाभर पाण्यासाठी माह्याकडे पाह्यते साहेब. तिचाच दबाव हाये. बाकी कोनाच्या बापाची हिंमत नाही.” साहेब हसले, तरी त्यांनी मला बाहेर काढून तुला पुन्हा एकटीला विचारलं. तेव्हा मला राग आला होता. परवा मी त्याच खुर्चीवर बसलो, तेव्हा त्या साहेबांचं बरोबर होतं हे पटलं.

सर्जनने कागदावर पोट काढून दाखवलं होतं. जुन्या दोन्ही किडन्या जागेवरच राहतात, नवी खाली, मांडीच्या वर, पोटात उजवीकडे बसवतात, तिच्या नळ्या तिथल्या रक्तवाहिन्यांना आणि लघवीच्या पिशवीला जोडतात. तू म्हणालीस, “मंग तिच्यापाशी तीन अन् माह्यापाशी एक?” सर्जन म्हणाले, “एक पुरते. तीच थोडी वाढते आणि दोघींचं काम करते.” तू धाकटीकडे वळून म्हणालीस, “जमीनदारीण झाली वं तू!” ऑपरेशननंतर तू कूस बदलताना कण्हत होतीस, बरगडीखाली लांब टाके होते. शुद्धीवर आल्या आल्या तू दुसरं काही विचारलं नाहीस. “तिले लघवी झाली का?” मी सांगितलं, टेबलावरच सुरू झाली, पिशवी भरून राहिली आहे. तू डोळे मिटलेस. इतक्या समाधानाने झोपलेलं माणूस मी नंतर पाहिलं नाही.

घरी आल्यावरची गंमत तू किती जणांना सांगितलीस! डॉक्टरांनी आता भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. धाकटीने सगळ्यांसमोर गच्च भरलेला गिलास तोंडाला लावला, आणि मावशीने झडप घालून तो हिसकावला. “नोको वं, मरशीन!” घराला सवयच तशी लागली होती. तू टाके धरून हसत राहिलीस. दुसऱ्या दिवशी तू माठ आत आणवलास आणि बैठकीच्या मधोमध मांडलास. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला तो लागायचा, पण तू हलवू दिला नाहीस. शरीर त्या किडनीला कायम परकी समजतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या, जन्मभर. त्या गोळ्या शरीराचा पहारा ढिला करतात, म्हणून साधा खोकलासुद्धा महाग. तू कामाला जायचीस त्या कापसाच्या जिनिंगमधून शेजारच्यांकडे फोन करायचीस. “गोळी घेतली का?” एवढंच, आणि ठेवून द्यायचीस. खोकणाऱ्या पाहुण्याला पुन्हा दारातच पाणी.

तू गेलीस तेव्हा गल्लीत लोक म्हणाले, किडनी दिली म्हणून गेली. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, तुझं हृदय थांबलं. उरलेली किडनी शेवटपर्यंत उत्तम होती. दिलेलीही पुढे कितीतरी वर्षं धाकटीच्या पोटात चालत राहिली. तू नव्हतीस आणि तुझं काम सुरू होतं. ती शाळेत शिकवायला लागली, शेगावच्या घरात संसार केला. मग हळूहळू रिपोर्ट बिघडले. बसवलेल्या किडनीचंही आयुष्य असतं, यात कोणाची चूक नाही, असं डॉक्टर म्हणाले. धाकटी मात्र माझ्यापाशी रडली. “मायची चीज मले सांभाळता आली नाही, दादा.” मी म्हटलं, “तिनं वापराले देली होती बाई, जपून ठेवाले नाही.” तू असतीस तर यापेक्षा चांगलं काही बोलली असतीस.

आता ती पुन्हा मशीनवर आहे. सध्या माझ्याकडेच राहते, आणि माठ पुन्हा दाराबाहेर गेला आहे. तुझ्या सुनेने न सांगता नेऊन ठेवला. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं नागपूरला भरती होऊ. तुझी किडनी काढणार नाहीत. ती उजवीकडे राहील, माझी डावीकडे बसवतील. मला थोड्या दिवसांत सोडतील, तिला तपासण्यांसाठी महिनाभर तरी तिथेच थांबावं लागेल. शरीराने स्वीकारली, तर ती घरी येऊन पोटभर पाणी पिईल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. जुन्या माठाला तडा गेलाय. काल फोन ठेवल्यावर मी बाजारात जाऊन नवा आणला. ऑपरेशनच्या आधीच कशाला आणला म्हणून तुझी सून चिडेल, म्हणून तो गोणपाटाखाली, स्कूटरच्या मागे लपवला आहे.