फुकटच्या गोळ्या

वनमालाताई, रायपूरहून पांडुरंगचा वाकून नमस्कार.

यकृताच्या त्या हेपटायटिस सीच्या गोळ्या सरकारी, फुकट मिळाल्या. खरं गेलं ते नऊ किलो वजन आणि शून्यातून उभी केलेली ठेकेदारी. पण बारा आठवड्यांत एकही गोळी चुकवली नाही. "आजाराले लोळवलं!" म्हणत सिलतऱ्याच्या कारखान्यांत, जुन्या मजुरांना पेढेही वाटले.

परवा पुन्हा रक्ताचा रिपोर्ट घ्यायला दवाखान्यात गेलो, तर पडद्याआड डॉक्टरीणबाई शिकाऊ डॉक्टरला सांगत होत्या, "विषाणूचा हा प्रकार, जीनोटाइप तीन, चिवट असतो. यांच्या लढणाऱ्या पेशीच थकल्यात." माझे तिखट कान तुले ठाऊक आहेत.

तुझे गुडघे बरे? मागच्या दिवाळीत तुले ताप आला, तेव्हा "सुईबिगर ताप उतरते काय?" म्हणत मीच तुले माझ्या नेहमीच्या त्या सुईवाल्या डॉक्टरकडं नेलं. तो एकच सुई सगळ्यायले टोचत होता. रागव, पण रक्त तपासून घे.

विषाणू माझ्या रक्तात अजून आहे.

तुझा,
पांडुरंग