रिठीवर मांडलेलं बंदर

सर, मागच्या महिन्यात मी ते बंदर पाहून आले. आठवीत तुम्ही फळ्यावर खडूनं काढायचात तेच, खाडी गाळानं भरली आणि लोक विसरून गेले ते. तिथली तरुण मंडळी आता रविवारी हौशी माणसांना खजिना शोधायला फिरवतात. हातात एक चिठ्ठी देतात, तिच्यातल्या खुणेवरून पुढची हुडकायची. आम्ही पंधरा-वीस जण होतो, वयानं सगळ्यांत मोठी मी.

तुम्ही आम्हा मालेगावच्या मुलींना तिथं नेणार होतात. मुलींची इतक्या लांबची सहल शाळेतून कधी गेली नव्हती. तुम्ही स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता आणि ते लपवतही नव्हतात. घरोघरची परवानगी तेवढी राहिली होती. माझे बाबा कापडाचे दुकानदार, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. मी जेवताना विचारलं, तर ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "तुले जायाचं असंन तं जाय. सर सोबत हायेत ना." पण लहानपणी रिठदला मामाच्या विहिरीत मी पडले होते. तेव्हापासून नुसत्या पाण्याच्या नावानं माझे हातपाय गार पडायचे. मैत्रिणींपुढे हे सांगायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, "सर, बाबा नाही म्हनतात."

"काहून? मी येऊन भेटू काय?"

"नोका येऊ सर. ते लय चिडतीन."

तुम्ही माझं मानलंत. मी एकटीच मागं राहीन असं मला वाटलं होतं. पण दोन दिवसांत गल्लीतली घरं एकेक करून म्हणू लागली, "शेटजीच पोरगी पाठवत नाही, तं आमी कायले पाठवावं?" सहल रद्द झाली. बाबांना कुणी विचारलं नाही, तुम्हीही नाही.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही आम्हाला किन्हीराजाच्या वाटेवरच्या रिठीवर नेलंत. कधी काळी गाव होतं आणि ओस पडलं, अशी ती उंचवट्याची जागा, नुसती पांढरी माती आणि खापरं. तुम्ही पहाटेच येऊन चुन्यानं खाडी आखली होती. तुराट्या रोवून त्यांना रुमाल बांधले होते, ती गलबतं. एका दगडाला जकातनाका केलं होतं, दुसऱ्याला वखार. दगडांखाली चिठ्ठ्या. पोरी ओरडत धावत होत्या आणि मी बाजूला बसून होते. तुम्ही जवळ आलात, पहिली चिठ्ठी माझ्या हातात दिलीत आणि हळूच म्हणालात, "बापाचा राग नोको करू पोरी. लेकीची काळजी वाटते मानसाले." मी चिठ्ठी घेतली. शेवटच्या दगडाखाली गाडगं निघालं, त्यात खडेमीठ. "आपला कापूस तिकडं गेला, अन् हे इकडं आलं. हाच खजिना," तुम्ही म्हणालात, आणि आम्हाला वाटून दिलंत.

आता खरं बंदर पाहताना मी तुमचा नकाशा ताडून पाहत होते. जकातनाका तुम्ही खाडीच्या डाव्या हाताला मांडला होता, तो उजव्या हाताला आहे. वखारीचा नुसता चौथरा उरलाय. पण जांभ्या दगडाच्या पायऱ्या थेट चिखलात उतरतात, तुम्ही सांगायचात तशाच. जहाजांना गोडं पाणी देणारी विहीरसुद्धा आहे. शेवटची खूण खाडीपलीकडची निघाली. भरतीचं पाणी आत आल्यावर सगळे होडीत बसले. माझे गुडघे दुखतात असं सांगून मी पायऱ्यांवर थांबले.

परत आल्यावर तुमच्या घरी गेले, तुमच्या पत्नीकडे, आम्हा मुलींच्या चाचींकडे. तुम्ही गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत मी चार-दोनदाच त्यांच्याकडे गेले असेन. यावेळी सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते. त्यांनी चहा ठेवला, माझ्या मोबाइलवरचे फोटो डोळ्यांजवळ नेऊन एकेक पाहिले. मग म्हणाल्या, "त्या सहलीले मी बी येनार होती. पोरींसंगं एक बाई पायजे, म्हनून तुमच्या सरनं मलेच तयार केलं होतं. नव्या चपला घेऊन देल्या होत्या. मंग कोन्या शेटजीनं पोरगी पाठवली नाही म्हने."

तो शेटजी कोण, हे त्यांना ठाऊक नाही. तुम्ही बाबांचं नाव घरातसुद्धा काढलं नाहीत. चाची फोटोतल्या पाण्यावर बोट ठेवून विचारत होत्या, "पायाले लागलं तं कसं वाटते वं ते?"

"लय गार वाटते, चाची," मी म्हटलं. त्या समाधानानं हसल्या आणि आणखी चहा घेतेस का म्हणाल्या.

सर, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं तरी खरं लिहिते. मी शेवटच्या पायरीपर्यंतसुद्धा उतरले नव्हते.