गाईचं मलम आणि गाठीतली रेघ

आई, तुझ्या छातीत होती तसलीच गाठ माझ्या डाव्या छातीत निघाली. आंघोळीला बसले असताना हाताला लागली, चांगली सुपारीएवढी. सकाळ-संध्याकाळ गाईंच्या सडांना हात लावणारी बाई मी. कासेत जरा कुठं दगडी धरली, सड कडक झाला, तर धार काढता काढता ओळखते. आणि स्वतःच्या अंगाला आजवर साबणापुरता हात. मग जे येत होतं ते केलं. कास सुजली की गाईला लावायचं मलम गोठ्यातल्या फळीवर होतं, ते घेतलं आणि रोज चोळलं. गाठ होती तिथंच राहिली, वरचं कातडं मात्र लालभडक होऊन सुजलं.

सुनेनं पकडलं. "आत्या, गाईचं मलम न्हाणीत कशाला आलंय?" म्हटलं, "गाय आंघोळीला आली हुती." ती हसली नाही. सरळ माझा पदर बाजूला केला. मी मारायला हात उचलला आणि मला तू दिसलीस. इंदापूरकडचं आपलं घर, तू चुलीपुढं बसून एका हातानं भाकरी थापते आहेस, दुसरा हात सुजून खांबासारखा झालेला, चोळीच्या आत हळदीचं फडकं. मी वाकून बघायला गेले तर पिठाच्या हातानं फाडकन मारलंस. "बाईमाणसाचं अंग काय बाजारात मांडायचं हाय व्हय गं? गप भाकरी खा." मी गप खाल्ली. पुढं वास यायला लागला तेव्हा तू अंगणात निजायला लागलीस, आणि उन्हाळा सरायच्या आत गेलीस. इंदापुरात दवाखाना होता. तुला कुणी नेलं नाही, आणि नेलं असतं तरी तू पदर सोडला नसतास. माझा उचललेला हात सुनेनं धरला आणि काटेवाडीहून तशीच स्कुटीवर बसवून बारामतीला नेलं.

डॉक्टरीण आपल्या नातीच्या वयाची. "आजी, कातडं इतकं कशानं भाजलं?" सुनेनं मलमाचं सांगून टाकलं. डॉक्टरणीनं डोळे मिटले. म्हणाली, "आता ही सूज मलमाची की गाठीची, ते मला वरून कळत नाही." फोटो झाले, सोनोग्राफी झाली, तरी नक्की होईना. "तुकडा काढून तपासावा लागेलच. पण आधी पुण्याला एमआरआयच्या मोठ्या मशीनमध्ये बघू. गाठ किती, कुठवर, ते त्यात दिसतं. आणि तेच मशीन गाठीच्या आतलं रसायनही ओळखतं. कोलीन म्हणून एक असतं, भराभर वाढणाऱ्या गाठीत ते जास्त सापडतं. मग कागदावर तिथं रेघ उंच उठते."

"म्हंजी डेअरीतल्या फॅटच्या मशीनवानी," मी म्हटलं. "वरून समदं दूध पांढरंच."

"तसंच समजा. पण नुसत्या रेघेवर मी निकाल देणार नाही. कधी रेघ उठत नाही आणि गाठ वाईट निघते."

पुण्यात अंगावरचं सगळं धातूचं काढून घेतलं, हाताला सुई लावली आणि पालथं झोपवलं. त्या खाटेला खाली दोन भोकं, त्यात दोन्ही थानं लोंबती सोडायची. मी तिथल्या पोरीला विचारते, "धार काढाया कोण येतंय?" ती म्हणते, "आजी, हलू नका, हसू तर अजिबात नका." मग मशीन ठोकायला लागतं, पत्र्यावर कुणी दगड घालावेत तसं. मी हलत नाही. गाय लाथ मारते तेव्हा आपण तिचे पाय बांधतो. माझे कुणी बांधले नव्हते, मीच धरून ठेवले.

डॉक्टरणीनं नंतर कागद दाखवला. सपाट रेघेला मधेच एक टेंगूळ. बोट ठेवून म्हणाली, "हे कोलीन." मग सुई घालून तुकडा काढला, त्याचाही निकाल तोच आला. कॅन्सर. काखेत गेलेला दिसत नाही, गाठ काढून छाती ठेवता येईल, असं म्हणते. म्हटलं, "ठिवून काय करू, कुणाला पाजायचंय आता?" सून तेवढ्यात बाहेर गेली. रडायला गेली असणार. मी विचारलं नाही. सोमवारी ऑपरेशन आहे. तोवर गाईंकडं ती बघते, आणि मलमाची ट्यूब तिनं कुलपात ठेवली आहे, मी चोर असल्यासारखी.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तू असतीस तरी टाकलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं, तू पोस्टमनला ओसरीवर बसवून वाचायला लावलं असतंस, आणि तो मोठ्यानं वाचायचा. डॉक्टरणीला दाखवलं, पुण्याच्या पोरीसमोर सगळं उघडं टाकून पडले, सुनेचं तर विचारूच नको. पण खरं सांगते आई, त्या पोस्टमनची मला अजून लाज वाटते.