हुंगल्याशिवाय

भिवंडी, मंगळवार, १९७६

कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं प्लास्टरचं नाक आज नीट चाललं. एका बाजूला काच आहे, आत उदबत्तीचा धूर दिसतो. हवा सावकाश ओढली की धूर खालूनच घशाकडे जातो. झटक्याने ओढली तरच थोडा वर, वासाच्या जागी चढतो.

म्हणून संशय. बाबा सायझिंग कारखान्यात सुताला चढवायची खळ वासावरून पास करतात. दुपारी मी डबा द्यायला गेले तेव्हा ते पिंपावर वाकले, पण नाकपुड्या हलल्या नाहीत. "चांगली हाय, सोडा." मला तर दारातच आंबूस वास आला होता. सर्दी असेल? पण मग नाकपुड्या तरी हलायला हव्यात.

जेवताना आई आत गेल्यावर मुद्दाम म्हटलं, "बाबा, हुंगल्याशिवाय वास वर पोचत नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "अन् हुंगूनबी काय कळत नसंल, तर मानसानं हुंगायचं कशाला?"

"मालकाला माहीत आहे?"

"न्हाय. तुझ्या आयलाबी न्हाय. तू गप ऱ्हा."

गप्प राहीन. पण ती आंबलेली खळ एव्हाना सुतावर चढली. उद्या लूमवर धागे तुटू लागले, की मालक पहिल्यांदा बाबांनाच बोलावणार.