सगळ्यांना एकच कोरी यादी

३ जून
नोकरी सोडल्याचं सार्थक झालं. पहिलं गिऱ्हाईक मिळालं : वहिनीचा दातांचा दवाखाना. पेशंटचं नाव टाका, त्याच्या तक्रारींची यादी समोर. साधं हॅश टेबल, म्हणजे नावावरून नोंद काढणारा तक्ता, डाव्या हातचा मळ. बायको म्हणाली, हे जमलं तर ठीक, नाहीतर जुन्या साहेबांचे पाय धर. साहेबच माझे पाय धरतील!

५ जून
नवीन पेशंटचं नाव टाकलं की प्रोग्राम कोलमडतो. नावच टेबलात नाही, तर यादी कुठून देणार? वहिनी म्हणते, भावोजी, दवाखान्यात नवीन माणसं येतातच. नाही त्या अडचणी काढते.

६ जून, दुपारी
सापडलं! डिफॉल्ट. नाव नसेल तर आपोआप कोरी यादी द्यायची. आणि प्रत्येकाला वेगळी कशाला? एकच बनवली, सगळ्या नव्यांना तीच. केवढी काटकसर! एक पेशंट घालून तपासलं, अचूक. दुसरा कशाला घालायचा?

९ जून, सकाळी
आज दवाखान्यात प्रोग्रामचं उद्‌घाटन. वहिनीचा फोन नाही, म्हणजे मजेत चाललंय. तरी येरझाऱ्या घालतोय. बायको म्हणाली, फरशी झिजेल. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

नंतर
फोन आला. पहिल्या आजोबांची कवळी ढिली, तशी नोंद झाली. मग दाढ दुखणाऱ्या बाई आल्या, तर त्यांच्या यादीतही कवळी. मी म्हटलं, असेल, लोक लपवतात. वहिनीनं फोन ठेवला. पटलं असावं.

दुपारी
पुन्हा फोन. पहिलीतल्या मुलीच्या नावावर ढिली कवळी, किडलेली दाढ, शिवाय कुणाची तरी अक्कलदाढ. आई रडायला लागली. टायपिंगची चूक असणार. जेवण जाईना.

संध्याकाळी
घोळ कळला. कोरी यादी एकच, त्यामुळे जो येईल त्याची तक्रार तिच्यावरच चढते. एका वहीत अख्ख्या वर्गाचा गृहपाठ. प्रत्येकाला नवी यादी द्यायची, बस, एका ओळीचं काम! लगेच फोन केला. दादानं उचलला. म्हणाला, तिनं पेशंटची जुनी कागदी कार्डं परत काढलीत, तू आता राहू दे.
फार वाईट वाटलं.

१० जून
साहेबांना मेल केला, परत येऊ का म्हणून. मिनिटात उत्तर! ‘आपला मेल मिळाला. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.’ बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. माणसाची पारख आहे साहेबांना.
तिनं स्वतःच्या फोनवरून साहेबांना नुसतं एक टिंब मेल केलं. मिनिटात तीही महत्त्वाची निघाली.